'आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे' यात नक्की चुकतं काय?

शाईचा_डाग
परवा एक महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी सहकारिणीला वाचायला दिला. अख्ख्या मेलमध्ये वाक्यं पाच, त्यातल्या तीन वाक्यांची क्रियापदं तिने बदलली. माझी मूळ वाक्यं अशी होती:

'आय हॅव सेंट द फाइल ऑन मंडे.'
'आय हॅड ऑल्सो कॉल्ड यू यस्टरडे.'
'आय ॲम वर्किंग ऑन धिस सिन्स टू वीक्स.'

पहिल्यातलं 'हॅव' काढलं, दुसऱ्यातलं 'हॅड' काढलं आणि तिसऱ्यात मात्र नसलेलं 'हॅव बीन' घातलं. वर 'सिन्स'चं 'फॉर' केलं ते वेगळंच. मी म्हटलं, अगं, एकीकडे काढतेस, दुसरीकडे घालतेस, नियम काय? ती म्हणाली, 'नियम मला माहीत नाही, कानाला खटकलं.' तिच्या कानावर माझा विश्वास आहे, पण तो कान मला उसना मिळणार नाही.

बारा काळांचा तक्ता मला आजही झोपेतून उठवून विचारलात तरी येतो. 'हॅव/हॅज अधिक क्रियापदाचं तिसरं रूप' हेही पाठ आहे. हे रूप बनवायचं कसं ते शिकवलं, वापरायचं कधी ते कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पायमोजा
+१. माझेही 'हॅड' असेच कापले जातात. खुर्ची घेऊन बसलोय.

खोडरबर
तुमची तिन्ही वाक्यं मराठीत म्हणून बघा.

'मी सोमवारी फाइल पाठवली आहे.' 'मी काल तुम्हाला फोनही केला होता.' 'मी दोन आठवड्यांपासून यावर काम करतोय.'

एकही वाक्य चुकलेलं नाही. तुम्ही 'आहे'च्या जागी 'हॅव' ठेवलंत, 'होता'च्या जागी 'हॅड' ठेवलंत आणि 'करतोय'च्या जागी 'ॲम वर्किंग'. म्हणजे तीन वेगळ्या चुका नाहीत, एकच सवय आहे. रूपं जोडीने शिकवली जातात: 'पाठवली' म्हणजे 'सेंट', 'पाठवली आहे' म्हणजे 'हॅव सेंट', 'पाठवली होती' म्हणजे 'हॅड सेंट'. जोड्या दिसायला जुळतात, पण दोन्ही भाषांत त्यांची कामाची वाटणी निराळी आहे.

आपलं 'आहे' उदार आहे. त्याला शेजारी 'काल', 'सोमवारी', 'मागच्या वर्षी' काहीही चालतं. इंग्रजीतल्या 'हॅव'ला घड्याळ आणि कॅलेंडरचं वावडं आहे. घटना केव्हा घडली तो मुहूर्त वाक्यात आला की 'हॅव' बाहेर जातं. म्हणून 'आय हॅव सेंट द फाइल' चालतं, 'आय सेंट द फाइल ऑन मंडे' चालतं, दोन्हींची मोट बांधली की खटकतं.

घरगुती परीक्षा सांगतो. वाक्य 'कधी?' या प्रश्नाचं उत्तर देत असेल तर साधा भूतकाळ. वाक्य 'मग आता काय स्थिती आहे?' याचं उत्तर देत असेल तर 'हॅव'. प्रश्न विचारतानाही तेच. 'व्हेन हॅव यू सेंट इट?' होत नाही, 'व्हेन डिड यू सेंड इट?' असंच विचारावं लागतं, कारण प्रश्नच मुहूर्ताचा आहे.

शाईचा_डाग
अरे! 'आहे'मुळे होतंय हे कधी डोक्यातच आलं नाही. पण मग 'टुडे', 'धिस वीक' हे पण मुहूर्तच झाले ना? 'आय हॅव स्पोकन टू हिम टुडे' असं तर सर्रास वाचते.

खोडरबर
ते चालतं, कारण आजचा दिवस अजून संपलेला नाही. 'हॅव' संपलेल्या वेळेला अडतं, चालू वेळेला नाही. त्यामुळे 'धिस मॉर्निंग' मजेशीर आहे. सकाळी दहा वाजता 'हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?' असं विचारता येतं, पण संध्याकाळी त्याच दिवशी 'डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?' असं होतं. सकाळ मावळली, 'हॅव'ही मावळलं.

सव्वा_शहाणा
या नियमाला मी भोक पाडतो. 'आय हॅव ऑफन रिप्लाइड टू मेल्स ऑन संडेज.' यात रविवार आहे, 'हॅव'ही आहे आणि वाक्य शुद्ध आहे. आता बोला.

खोडरबर
बोलतो. यातला रविवार ठरावीक नाही, कुठलाही आहे. त्या वाक्यावरून कॅलेंडरवर एका चौकोनावर बोट ठेवता येतं का? येत नाही. म्हणून चालतं. 'लास्ट संडे' म्हटलंत की बोट टेकलं आणि वाक्य पडलं. पण भोक चांगलं पाडलंत, माझी परीक्षा थोडी ढोबळ होती हे कबूल.

तळटीप
अवांतर वाटेल, पण सांगते. यात आपण मराठी लोक विचित्र आणि इंग्रजी सरळ, असं समजू नका. बोलीतली जर्मन आणि फ्रेंच यांतही 'हॅव'सारखं रूप 'काल'बरोबर बिनदिक्कत येतं. त्यामुळे तिकडची माणसंही इंग्रजी लिहिताना नेमकी हीच चूक करतात. तिसऱ्या वाक्याचंही तसंच. 'मी तीन वर्षांपासून इथे राहतो' याला फ्रेंच आणि जर्मनही साधा वर्तमानकाळच वापरतात. हट्टी आहे ती इंग्रजी.

भाषाशास्त्रात याला रीतसर कोडं म्हणतात. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ मध्ये यावर जो शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'पझल' शब्द आहे. कोडं असं, की 'हॅव' असलेलं वाक्य भूतकाळातल्याच घटनेबद्दल असतं, तर मग ती घटना कधी घडली हे सांगायला त्याला अडचण काय? आपल्या धागाकर्तीचाच प्रश्न झाला की हा.

पायमोजा
म्हणजे माझी चूक फ्रेंच दर्जाची आहे. आता कापलेल्या 'हॅड'बद्दलही काही दिलासादायक सांगा.

आडवा_उभा
'हॅड'वर मी बोलणार. मी सॉफ्टवेअरच्या तक्रारी हाताळतो, दिवसभर लोकांचे लेखी निरोप वाचतो. आपल्याकडच्या लोकांचं 'हॅड' हा माझा रोजचा विषय आहे.

'आय हॅड टेकन द बॅकअप.' हे वाक्य आलं की मी थांबतो. बॅकअप घेतला होता, मग काय झालं? आता नाही का? उडाला का? नंतर बदल केले का? इंग्रजी 'हॅड' एकटं फिरत नाही, त्याला भूतकाळातली दुसरी एखादी घटना सोबत लागते, जिच्या आधी हे घडलं. 'आय हॅड टेकन द बॅकअप बिफोर द सर्व्हर क्रॅश्ड' असं म्हटलं की जीव भांड्यात पडतो. नुसतंच 'हॅड' ठेवून वाक्य संपवलं की वाचणारा पुढच्या ओळीची वाट बघत बसतो आणि पुढची ओळ असते 'थँक्स अँड रिगार्ड्स'.

एकदा एका ग्राहकाने लिहिलं, 'आय हॅड कॅन्सल्ड माय सबस्क्रिप्शन.' परदेशातल्या सहकाऱ्याने अर्थ लावला की यांनी आधी रद्द केलं होतं आणि नंतर पुन्हा सुरू केलं, म्हणून त्याने ते चालूच ठेवलं. ग्राहकाला म्हणायचं होतं, 'अहो, मी ते कधीच रद्द केलं होतं.' चार मेल इकडून तिकडे गेले, तेव्हा उलगडलं. तेव्हापासून कुठलंही एकटं 'हॅड' दिसलं की मी मनात 'मग काय झालं?' विचारतो.

सांजसावली
पण मराठीत तरी 'होतं'ला ती सोबत कुठे लागते? 'काल आम्ही सिनेमाला गेलो होतो.' संपलं वाक्य. कोणी 'मग काय झालं?' विचारत नाही. उलट 'काल आम्ही सिनेमाला गेलो' एवढंच म्हटलं तर ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो.

आडवा_उभा
हे भारी पकडलंत. म्हणजे अगदी उलटं झालं! मराठीत 'गेलो' म्हटलं की गोष्ट सुरू होते आणि 'गेलो होतो' म्हटलं की तो प्रसंग मिटवून, घडी घालून समोर ठेवल्यासारखा होतो. जाऊन परतही आलो, हे त्यात आलंच. इंग्रजीत त्याला साधं 'वुई वेंट टू अ मूव्ही यस्टरडे' पुरतं. आपण घडी घालायला म्हणून 'हॅड' लावतो आणि वाचणाऱ्याला वाटतं पुडी अजून सुटायची आहे.

तळटीप
इथे तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाख यांची मांडणी उपयोगी पडते. १९४७ ची आहे, पण सोपी आहे. प्रत्येक वाक्यात तीन क्षण धरायचे: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण आणि आपण जिथे उभं राहून बघतोय तो क्षण. 'सेंट'मध्ये आपण घटनेच्याच जागी उभे असतो. 'हॅव सेंट'मध्ये आत्ताच्या जागी उभं राहून मागे बघतो. 'हॅड सेंट'मध्ये मधल्याच कुठल्या तरी क्षणी उभं राहून आणखी मागे बघतो. एकट्या 'हॅड'ची अडचण अशी, की हा मधला क्षण कुठला ते वाचकाला कोणी सांगितलेलंच नसतं. तो हवेत लटकतो.

'आफ्टर', 'बिफोर' असेल तर क्रम त्या शब्दांतूनच कळतो, तेव्हा 'हॅड' नसलं तरी भागतं. 'आफ्टर आय सेंट द मेल, आय नोटिस्ड द मिस्टेक' यात काही उणं नाही.

मौनीबुवा
सगळं खरं, पण मला वाटतं 'हॅड'मागे आणखी एक कारण आहे आणि ते व्याकरणाचं नाही, भिडेचं आहे. 'मी तुम्हाला सोमवारी मेल पाठवला' हे वाक्य मला अंगावर आल्यासारखं वाटतं. 'पाठवला होता' म्हटलं की जरा मागे सरून, आठवण करून दिल्यासारखं होतं. वरिष्ठांना लिहिताना हात आपोआप 'हॅड'कडे जातो. 'आय सेंट यू अ मेल ऑन मंडे' लिहायला मी आजही कचरतो.

शाईचा_डाग
हो!! अगदी हेच. 'हॅड' काढलं तेव्हा मेल उद्धट झाला असंच वाटलं मला.

खोडरबर
मौनीबुवा, तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. भूतकाळाने बोलणं मऊ होतं, हे इंग्रजीतही आहे. 'आय वॉन्टेड टू आस्क', 'आय वॉज वंडरिंग इफ' ही सगळी तीच युक्ती. विचारायचं असतं आत्ता, पण 'मला विचारायचं होतं' म्हणतात. मराठीचं 'होतं' आणि इंग्रजीचं 'वॉन्टेड' इथे शेजारी शेजारी बसतात. फक्त इंग्रजीला हा मऊपणा साध्या भूतकाळातून मिळतो, 'हॅड'मधून नाही. उलट एकटं 'हॅड' अनेकदा तक्रारीसारखं वाचलं जातं: मी तर केलं होतं, तुम्हीच लक्ष दिलं नाही.

भीड राखायची तर असं लिहा: 'आय सेंट यू द फाइल ऑन मंडे. हॅव यू हॅड अ चान्स टू लुक ॲट इट?' पहिल्या वाक्यात मुहूर्त आहे म्हणून साधा भूतकाळ. दुसऱ्यात विचारणा आत्ताच्या स्थितीची आहे म्हणून 'हॅव'. पहिलं वाक्य फक्त माहिती देतं, सगळी नम्रता दुसऱ्यात आहे.

मौनीबुवा
हे चिकटवून ठेवतो पडद्याच्या कोपऱ्यात.

काठावरचा
मला एक कळत नाही, एवढं लावून धरायचं कशाला? समजलं ना समोरच्याला? इतके लोक 'आय हॅव सेंट यस्टरडे' लिहितात, ती इंग्रजीची आपली एक तऱ्हाच झाली आता. अमेरिकन माणूस 'डिड यू फिनिश यट?' म्हणतो, ब्रिटिश माणूस 'हॅव यू फिनिश्ड यट?' म्हणतो, तेव्हा कोणी कोणाची वही तपासत नाही. आपण मात्र लगेच कान धरून उभे.

तळटीप
'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट' यांच्याबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ सहज चालतो, हे खरं आहे. 'आय जस्ट सेंट इट' अमेरिकन, 'आय हॅव जस्ट सेंट इट' ब्रिटिश, दोन्ही ठीक. आणि तुमचा मुद्दा मला पटतोही. आपसात लिहिताना कोणी काही लिहावं. पण मुहूर्ताबरोबर 'हॅव' दोघांनाही खटकतं, आणि आडवा_उभा यांच्या ग्राहकाचं सबस्क्रिप्शन त्या तऱ्हेपायीच चालू राहिलं.

काठावरचा
एका सबस्क्रिप्शनवरून भाषेला फाशी. असो. माझा मुद्दा मांडून झाला.

बोटभर
मी ऐकूनच इंग्रजी शिकलो, व्याकरण शून्य. मला एक जाणवलं ते सांगतो. बोलताना 'आय हॅव सेंट'चं 'आय्व सेंट' होतं, आणि भरभर बोलणाऱ्याच्या तोंडी तो 'व्' ऐकूच येत नाही. त्यामुळे कानाने शिकणाऱ्याला फरक पोचतच नाही, लिहायला बसलं की मग अंदाजपंचे. धागाकर्तीच्या सहकारिणीचा कान तिखट असला पाहिजे, किंवा ती वाचत खूप असेल.

सांजसावली
'हॅज गॉन' आणि 'हॅज बीन' यावर कोणी बोललं नाही अजून? मला शाळेत ते कधी उमगलं नाही आणि नंतर मराठीनेच सोडवलं. 'शी हॅज गॉन टू लंडन' म्हणजे 'ती लंडनला गेली आहे', अजून तिकडेच आहे. 'शी हॅज बीन टू लंडन' म्हणजे 'ती लंडनला जाऊन आली आहे'. 'जाऊन आली' म्हटलं की 'बीन', बस्स. 'मी तिथे गेलेलो आहे' हेही 'बीन'कडचंच, अनुभव सांगणारं. आपल्या 'गेलेला'तल्या त्या जादा 'ले'ला केवढं काम आहे बघा.

सव्वा_शहाणा
वा. आणि कार्यालयीन मराठीतलं 'पाठविण्यात आलेली आहे' म्हणजे अस्सल 'हॅज बीन सेंट'. कोणी पाठवली, कधी पाठवली, काही विचारायचं नाही.

आडवा_उभा
त्यावरून आठवलं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा माग दाखवणारं पान बघा कधी. वर ठळक अक्षरात 'युअर ऑर्डर हॅज बीन शिप्ड'. खाली बारीक अक्षरात 'शिप्ड ऑन' आणि पुढे तारीख. वर स्थिती, खाली मुहूर्त, आणि मुहूर्त आला त्या ओळीत 'हॅज बीन' गायब.

तळटीप
बातम्यांतही तेच. मथळा वर्तमानकाळात: 'मिनिस्टर रिझाइन्स'. पहिलं वाक्य बऱ्याचदा 'द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड', कारण ताजी खबर आहे. भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅकॉली यांनी १९७१ मध्ये 'हॅव'चे उपयोग वेगळे काढले, तेव्हा या उपयोगाला 'हॉट न्यूज' असंच नाव दिलं. दुसऱ्या वाक्यापासून 'ही सबमिटेड हिज लेटर ऑन ट्यूजडे' असा साधा भूतकाळ सुरू होतो आणि शेवटपर्यंत तोच. आपल्याकडचे मेल मात्र पहिल्या वाक्यातलं 'हॅव' शेवटच्या ओळीपर्यंत ओढत नेतात. एकदा दार उघडायला वापरलं की ते खाली ठेवायचं.

कोरा_कागद
मी इंग्रजी विकिपीडियावर अधूनमधून चरित्रलेखांत दुरुस्त्या करते. एखाद्या लेखकाचं निधन झालं की काही वेळातच कोणीतरी येऊन 'इज अ नॉव्हेलिस्ट'चं 'वॉज' करतं. ते सगळ्यांना सुचतं. पण खाली 'शी हॅज रिटन ट्वेल्व्ह नॉव्हेल्स' तसंच राहून जातं. तेही बदलावं लागतं: 'शी रोट ट्वेल्व्ह नॉव्हेल्स'. आकडा तोच, पण 'हॅज'मध्ये तेरावी येण्याची शक्यता उघडी असते. पहिल्यांदा मी ते 'हॅज' खोडलं तेव्हा थोडा वेळ हात थबकला होता.

खोडरबर
शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला, त्याच्याबद्दल 'हॅज रिटन' आपोआपच विचित्र वाटतं. पण कालपर्यंत हयात असलेल्या माणसाच्या बाबतीत हा बदल एका दिवसात होतो, हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात चांगला.

पायमोजा
रेझ्युमेत उलट होतं. मी जुन्या नोकरीसमोर 'हॅव मॅनेज्ड अ टीम' लिहिलं होतं. मुलाखतीत विचारलं, 'म्हणजे तिथे अजून आहात?'

शाईचा_डाग
सगळ्यांचे आभार. आता फक्त तिसरं वाक्य राहिलं, 'सिन्स टू वीक्स'.

सांजसावली
ते माझ्याकडे. 'पासून' हा शब्द आपण दोन्हीकडे लावतो, 'सोमवारपासून' आणि 'दोन आठवड्यांपासून'. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'. लिहिण्याआधी मराठीत 'गेले' लावून बघायचं. 'गेले दोन आठवडे' म्हणता येतं, म्हणून 'फॉर टू वीक्स'. 'गेले सोमवार' म्हणता येत नाही, म्हणून 'सिन्स मंडे'. आणि काम तेव्हा सुरू होऊन अजून चालू आहे, दोन टोकं जोडायची आहेत, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. नुसत्या 'ॲम वर्किंग'ला मागचं टोक नसतं.

शाईचा_डाग
मेल पाठवला. (पाठवला आहे. पाठवला होता. आता प्रत्येक क्रियापदापाशी अडखळतेय.) 'हॅव यू हॅड अ चान्स' तसंच्या तसं उचललं. तासाभरात उत्तर आलं, एवढंच: 'आय हॅड सीन युअर मेल ऑन मंडे.'

आडवा_उभा
मग काय झालं?